जॅनेट के आणि लव्हर्स रॉक : मवाळ म्हटल्या गेलेल्या गाण्याची गोष्ट

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



रेगे म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो. बॉब मार्ले. टी-शर्टवर, रिक्षाच्या मागे, गोव्यातल्या शॅकच्या भिंतीवर. त्यामुळे रेगे म्हणजे जमैका, रेगे म्हणजे बंड आणि रेगे गाणारा म्हणजे जटाधारी पुरुष, असं चित्र मनात पक्कं बसलेलं असतं. ते चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे. आज मी उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलणार आहे. हे रेगे लंडनमध्ये जन्मलं, ते प्रामुख्यानं शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलींनी गायलं आणि ते प्रेमाबद्दल होतं. त्याचं नाव लव्हर्स रॉक. आणि ज्या गायिकेच्या आधारानं मी ही गोष्ट सांगणार आहे तिचं नाव जॅनेट के.

सुरुवातीला गाणंच ऐकू या. बोलणं नंतर.

[‘सिली गेम्स’ या गाण्याचा तुकडा ऐकवला जातो.]

हे १९७९ सालचं गाणं. गाणारी मुलगी तेव्हा एकवीस वर्षांची. विषय म्हणाल तर अगदी साधा. एक मुलगी एका मुलाला सांगतेय की माझ्या मनात काय आहे ते तुला माहीत आहे, तुझ्या मनातलं मला दिसतंय, मग हे आडून आडून खेळणं कशाला? बस्स, एवढंच. आणि धृपदात तो आवाज चढतो, चढतो, तारसप्तकातही वर जातो आणि तिथे सहज उभा राहतो. त्या एका जागेसाठी हे गाणं ब्रिटनमध्ये आजही ओळखलं जातं. त्या जागेकडे मी परत येईन.

आई-वडील एका बेटाचे, मुलं या शहराची

थोडी पार्श्वभूमी. १९४८ च्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ नावाचं जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागलं. जमैका आणि आसपासच्या बेटांवरून शेकडो माणसं त्यातून उतरली. कागदोपत्री ती ब्रिटिश साम्राज्याचीच प्रजा. युद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते. बस, रेल्वे, इस्पितळं, कारखाने, सगळीकडे. पुढची दहा-पंधरा वर्षं माणसं येत राहिली. काम मिळालं, घर मिळणं मात्र कठीण. भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातीत ‘काळ्यांना नाही’ असं छापलेलं असायचं, आणि तेव्हा ते कायद्यानं चालायचं. कित्येक क्लबांत प्रवेश नाही. मग करमणुकीचं काय?

तर लोकांनी आपापल्या घरात सोय केली. शनिवारी रात्री एका खोलीतलं सामान बाहेर काढायचं, गालिचा गुंडाळायचा आणि साउंड सिस्टिम आत आणायची. साउंड सिस्टिम म्हणजे कपाटाएवढाले स्पीकर, ॲम्प्लिफायर, टर्नटेबल आणि ते चालवणारी एक टोळी. दारात थोडे पैसे घ्यायचे, आत खाणं-पिणं विकायचं, त्यातून भाडं सुटायचं. याला ‘ब्लूज पार्टी’ म्हणत. पहाटेपर्यंत चालायची. हे सगळं आपण लक्षात ठेवू, कारण आजची सगळी गोष्ट या एका खोलीत घडते.

आता पिढी बदलते. जॅनेट केचा जन्म जानेवारी १९५८ चा, वायव्य लंडनमधल्या विल्स्डनचा. तिच्यासारखी मुलं घरात आई-वडिलांचं कॅरिबियन बोलणं ऐकत, शाळेत लंडनचं इंग्रजी बोलत. घरी स्का आणि रॉकस्टेडीच्या तबकड्या, रेडिओवर अमेरिकन सोल. जमैकातून येणारं सत्तरच्या दशकातलं रेगे या मुलांना आवडायचं, त्याचा अभिमानही वाटायचा. पण त्यातली किंग्स्टनची गल्ली त्यांनी पाहिलेली नव्हती, आणि त्यात मुलींचा आवाज फारसा नव्हता. त्यांना आपलं काहीतरी हवं होतं.

सुरुवात कुठे झाली

याची सुरुवात म्हणून १९७५ सालच्या एका तबकडीकडे बोट दाखवतात. लुईसा मार्क नावाची शाळकरी मुलगी, गाणं ‘कॉट यू इन अ लाय’. मूळ अमेरिकन सोल गाणं. ते रेगेच्या ठेक्यावर बसवून गायलं. निर्माता लॉईड कॉक्सन, म्हणजे लंडनच्या एका मोठ्या साउंड सिस्टिमचा मालक. साथीला ‘मटुम्बी’ हा बँड. ती तबकडी ब्लूज पार्ट्यांमध्ये अशी चालली की सगळ्यांच्या लक्षात आलं, अरे, या आवाजाला गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक म्हणजे खोलीतल्या मुली.

दोनच वर्षांनी, १९७७ च्या सुमारास, दक्षिण लंडनच्या ब्रॉकली भागात डेनिस हॅरिस नावाच्या गृहस्थानं एक रेकॉर्ड लेबल काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘लव्हर्स रॉक’. लेबलचं नाव पुढे सगळ्या प्रकाराला चिकटलं. या लेबलवर ‘ब्राऊन शुगर’ नावाचा तीन मुलींचा गट होता. त्यांचं एक गाजलेलं गाणं जटाधारी रास्ता मुलाच्या प्रेमात पडल्याबद्दल आहे, तर दुसऱ्या एकाचं नावच ‘ब्लॅक प्राइड’ आहे. म्हणजे प्रेम एका कप्प्यात आणि स्वाभिमान दुसऱ्या कप्प्यात, असं या मुलींनी केलंच नव्हतं. ते कप्पे नंतर लिहिणाऱ्यांनी केले. याच गटातली कॅरन व्हीलर पुढे ‘सोल टू सोल’बरोबर गायली आणि १९८९ साली ‘बॅक टू लाइफ’नं ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला.

संगीताच्या अंगानं एक गोष्ट सांगतो. रेगेचा जो मूळ ठेका आहे, ‘वन ड्रॉप’, त्यात चार मात्रांपैकी पहिली मात्रा ड्रमवर रिकामी सोडतात आणि जोर तिसरीवर येतो. आपल्या कानाला समेची सवय. इथे नेमका समेवरच ढोल गप्प. त्यामुळे शरीर आपोआप मागे झुकतं. लव्हर्स रॉकनं हा पाया तसाच ठेवला. खाली बास तितकाच जाड, पोटात घुमणारा. त्याच्यावर मात्र सोलमधली गोड स्वररचना आणि वर मुलीचा पातळ, स्वच्छ आवाज. खाली जमैका, वर अमेरिका, आणि मधलं सगळं लंडन.

जॅनेट गाऊ लागते

जॅनेट काही गायिका व्हायचं ठरवून बसलेली नव्हती. ओळखीतून ती ‘ॲस्वाद’ या लंडनच्या रेगे बँडच्या मंडळींपर्यंत पोचली, आणि तिथून ऑल्टन एलिसपर्यंत. ऑल्टन एलिस म्हणजे जमैकन रॉकस्टेडीतला फार मोठा गायक. तेव्हा लंडनमध्ये होता. त्यानं १९७७ साली तिच्याकडून ‘लव्हिन यू’ गाऊन घेतलं. मूळ गाणं मिनी रिपर्टन या अमेरिकन गायिकेचं, आणि ते त्यातल्या अतिशय उंच सुरांसाठीच प्रसिद्ध. विचार करा, पहिलंच रेकॉर्डिंग आणि गाणं कुठलं, तर जे गाताना भले भले घसरतात ते. जॅनेटनं ते गायलं आणि रेगेच्या वर्तुळात तिचं नाव झालं.

हे डेनिस बोव्हेलच्या कानावर गेलं. या माणसाशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. जन्म बार्बाडोसचा, बारा वर्षांचा असताना लंडनला आला. मटुम्बीचा गिटारवादक, शिवाय ‘सफरर’ नावाची स्वतःची साउंड सिस्टिम. त्याच्याकडे एक गाणं तयार होतं आणि गळा मिळत नव्हता. त्यानं स्वतः सांगितलंय की कॅसेटच्या एका जाहिरातीवरून त्याला कल्पना सुचली. त्या जाहिरातीत एला फिट्झजेराल्ड सूर लावते आणि काचेचा पेला फुटतो. त्याला वाटलं, असं गाणं करायचं की ज्यात एक उंच जागा असेल आणि पार्टीतली प्रत्येक बाई ती जागा घ्यायचा प्रयत्न करेल. जमो न जमो, प्रयत्न केल्याशिवाय राहणार नाही.

म्हणजे बघा, ती जागा गायिकेच्या तयारीचं प्रदर्शन म्हणून आलेली नाही. ती खोलीतल्या इतर मुलींसाठी ठेवलेली जागा आहे. गाणं लिहितानाच त्यात समोरच्यांचा वाटा धरलेला होता. कीर्तनात बुवा ओळ सोडतात आणि टाळकरी उचलतात ना, तसंच थोडंसं.

ड्रमवर ‘ॲस्वाद’चा ड्रमी झेब. झांजांची ती सतत चाललेली कुजबुज ऐकलीत ना, ती त्याची. बाकीचं बरंचसं वादन बोव्हेलचं. १९७९ च्या उन्हाळ्यात गाणं आलं आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या कार्यक्रमात विल्स्डनची मुलगी घराघरांत दिसली.

दुसरा क्रमांक ही किती मोठी गोष्ट होती हे कळायला एक तपशील हवा. तेव्हा यादी निवडक दुकानांच्या विक्रीवरून बनायची. रेगेच्या तबकड्या खपायच्या त्या वस्तीतल्या छोट्या खास दुकानांत आणि बाजारातल्या गाळ्यांवर. तो खप बहुतांशी मोजलाच जायचा नाही. म्हणजे हजारोंनी तबकडी विकली जाऊनही यादीत तिचा पत्ता नाही, हे नेहमीचंच. रेडिओवाले यादी बघून गाणं लावणार आणि यादीवाले मोठ्या दुकानांकडे बघणार. त्यामुळे ‘सिली गेम्स’ तिथवर पोचलं हे नवल. बाकीची कित्येक गाणी पोचली नाहीत, ती लोकांना आवडली नव्हती म्हणून नव्हे.

१९७९ : बाहेर काय चाललं होतं

आता मी तुम्हाला खोलीच्या बाहेर नेतो, कारण त्याशिवाय आतलं कळणार नाही.

त्या काळात पोलिसांच्या हातात १८२४ सालचा भटक्यांविरुद्धचा एक कायदा होता. त्याच्या आधारानं नुसत्या संशयावरून रस्त्यावर कुणालाही पकडता यायचं. काळ्या मुलांना तो रोजचा अनुभव. हा कायद्याचा भाग १९८१ मध्ये रद्द झाला. डेनिस बोव्हेलचंच घ्या. १९७४ साली विल्स्डनला लागूनच असलेल्या क्रिकलवुडमधल्या एका क्लबात त्याची साउंड सिस्टिम चालू असताना पोलीस आत आले, धुमश्चक्री झाली, आणि दंगल भडकवल्याचा आरोप त्याच्यावर आला. तीन वर्षांची शिक्षा झाली. सहा महिने तो तुरुंगात होता. मग अपिलात शिक्षा रद्द झाली. जगातली एक अत्यंत नाजूक प्रेमगीताची चाल बांधणारा माणूस हे सोसून आलेला होता.

१९७९ च्या एप्रिलमध्ये साउथॉलला, म्हणजे लंडनमधल्या भारतीयांच्या, मुख्यतः पंजाब्यांच्या वस्तीत, नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाच्या सभेविरुद्ध निदर्शनं झाली. पोलिसांच्या कारवाईत ब्लेअर पीच हा शिक्षक डोक्याला मार लागून गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच ‘सिली गेम्स’ यादीत चढत होतं. आणि पीचच्या मृत्यूवर लिंटन क्वेसी जॉन्सन या जमैकन-ब्रिटिश कवीनं कविता केली. ती पुढच्या वर्षी ‘बेस कल्चर’ या अल्बममध्ये आली. तिचं संगीत कुणाचं? डेनिस बोव्हेलचं. १९७९ चा ‘फोर्सेस ऑफ व्हिक्टरी’ हा जॉन्सनचा जहाल अल्बमसुद्धा बोव्हेलच्याच हातचा.

इथे माझा आजचा मुख्य मुद्दा येतो. समीक्षकांनी तेव्हा आणि नंतरही अशी वाटणी केली की जॉन्सनचं ते गंभीर रेगे, आणि जॅनेटचं ते मवाळ, पोरींचं, गुळगुळीत. पण हात तेच आहेत. वस्ती तीच, वर्ष तेच. सकाळी पोलिसांच्या लाठीवरच्या कवितेला बास वाजवणारा माणूस संध्याकाळी प्रेमगीताला बास वाजवतो, आणि त्याला यात विसंगती दिसत नाही. मग आपल्याला का दिसावी? दिवसभर ज्याला रस्त्यावर थांबवून झडती घेतात, त्याला रात्री कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून सात मिनिटं नाचता येणं ही चैन आहे का? मला तरी ती गरज वाटते.

आणि ती खोलीही सुरक्षित होती असं नाही. १८ जानेवारी १९८१ च्या पहाटे, ब्रॉकलीच्या शेजारच्या न्यू क्रॉसमध्ये एका घरी वाढदिवसाची पार्टी चालू असताना आग लागली. तेरा तरुण मुलं-मुली गेली. आग कशी लागली याबद्दल दोन चौकशा झाल्या, ठाम निष्कर्ष निघाला नाही. त्याहून लोकांना लागलं ते सरकारचं आणि वर्तमानपत्रांचं मौन. मार्चमध्ये हजारो लोक कामाचा दिवस सोडून लंडनमधून चालत गेले. अशाच पार्ट्यांमध्ये, अशाच वयाची मुलं ही गाणी म्हणत होती. हे माहीत झाल्यावर ते ‘मवाळ’ गाणं पुन्हा ऐकून बघा.

पुढे काय झालं

ब्रिटनच्या राष्ट्रीय यादीचा हिशेब धरला तर जॅनेट के ही ‘एका गाण्याची गायिका’. संदर्भग्रंथांत तशीच नोंद सापडते. पण तिचं काम त्या नोंदीत मावत नाही.

ती रंगभूमीकडे वळली. ‘ब्लॅक थिएटर को-ऑपरेटिव्ह’ ही संस्था १९७९ मध्येच लंडनमध्ये सुरू झाली होती. तिच्यातून पुढे चॅनेल फोरवर ‘नो प्रॉब्लेम!’ ही विनोदी मालिका आली, १९८३ ते ८५. आई-वडील जमैकाला परत गेलेत आणि पाठची भावंडं लंडनच्या घरात मनसोक्त राहतायत, असा विषय. जॅनेट त्यात एंजल ही बहीण झाली होती. आणि आपल्यासाठी गंमत अशी की या मालिकेच्या दोन लेखकांपैकी एक त्रिनिदादचा मुस्तफा मटुरा आणि दुसरा आपल्या पुण्याचा फारुख धोंडी. कॅम्पात वाढलेला, पुढे केंब्रिजला गेलेला, ब्रिटनमधल्या काळ्यांच्या चळवळीत वावरलेला. त्यांच्या ‘पूना कंपनी’ या पुस्तकात ते जुनं पुणं आहे. तेव्हाच्या चळवळीत ‘काळे’ या शब्दात कॅरिबियन आणि आपल्याकडचे, दोघेही यायचे. पुण्याच्या माणसानं लिहिलेले संवाद विल्स्डनची मुलगी म्हणतेय, हे त्यामुळे तितकंसं विचित्र नव्हतं.

१९९० मध्ये लिंडी लेटन या गायिकेनं ‘सिली गेम्स’ नव्यानं केलं. त्यातही जॅनेटचा आवाज होता, आणि गाणं पुन्हा पहिल्या तीसांत आलं. नव्वदच्या दशकात जपाननं तिला डोक्यावर घेतलं. तिथल्या मोठ्या कंपनीनं तिचे अल्बम काढले, तिथे तिचे दौरे झाले. ज्या देशात ती जन्मली तिथे तिच्यासाठी मोठ्या कंपनीचं दार जवळजवळ बंद, आणि दहा हजार किलोमीटरवर ते उघडं. कलावंतांच्या बाबतीत हे आपल्याकडेही पाहिलंय आपण.

२०११ मध्ये मेनेलिक शबाझ या दिग्दर्शकानं ‘द स्टोरी ऑफ लव्हर्स रॉक’ हा माहितीपट केला. मग आलं २०२०. स्टीव्ह मॅक्वीन यांनी बीबीसीसाठी ‘स्मॉल ॲक्स’ ही चित्रपटमालिका केली. तिच्यातल्या एका चित्रपटाचं नावच ‘लव्हर्स रॉक’. एका रात्रीची ब्लूज पार्टी, बाकी फारसं कथानक नाही. त्यात ‘सिली गेम्स’ लागतं. सगळे नाचतात. तबकडी संपते, आणि लोक थांबत नाहीत. वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यानं, पायांच्या घसटीवर ते गाणं गात राहतात, मिनिटांमागून मिनिटं. मुली ती उंच जागा घेतात. कुणाची लागते, कुणाची चिरकते. त्या गर्दीत एक वयस्कर गृहस्थ दिसतात, ते स्वतः डेनिस बोव्हेल. पेला फुटण्याची जाहिरात पाहून त्यांनी जे मनात धरलं होतं, ते चाळीस वर्षांनी त्यांच्याच डोळ्यांसमोर घडत होतं. आणि आपण सगळे तेव्हा टाळेबंदीत, एका खोलीत इतकी माणसं जमवण्याची बंदी असताना ते पाहत होतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, यात बॉब मार्ले कुठे बसतो? तो तर चळवळीचाच गायक होता ना?

उत्तर : चांगला प्रश्न. मार्ले १९७७ मध्ये लंडनमध्येच होता, ‘एक्झोडस’ तिथे तयार झाला. त्या अल्बमची दुसरी बाजू काढून बघा, त्यात सरळ सरळ प्रेमगीतं आहेत. पुढच्या वर्षीचा ‘काया’ तर इतका हळवा की त्याच्यावरही ‘मवाळ झाला’ अशी टीका झाली. म्हणजे ही शिवी मार्लेलाही चुकली नाही. फरक एवढाच की त्याला ती एकदा मिळाली, या मुलींना कायमची चिकटली.

प्रश्न : ऐकायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : क्रमानं ऐका. आधी मिनी रिपर्टनचं ‘लव्हिन यू’, मग जॅनेटचं. म्हणजे रेगेनं काय बदललं ते कळेल. मग लुईसा मार्क, मग ब्राऊन शुगर, मग कॅरल थॉम्पसनचा १९८१ चा ‘होपलेसली इन लव्ह’. त्यानंतर मुद्दाम ‘फोर्सेस ऑफ व्हिक्टरी’ ऐका आणि फक्त बासकडे लक्ष द्या. शेवटी परत ‘सिली गेम्स’. एक विनंती, मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्यात बास येतच नाही, आणि बास नसेल तर ती मुलगी हवेत लटकल्यासारखी वाटते. चांगले हेडफोन घ्या, नाहीतर कुणाच्या तरी घरी जमा. ती उंच जागा आली की प्रयत्न जरूर करा. शेजारी काय म्हणतील त्याची काळजी करू नका.